पंधरा किलो, समक्ष

माझा सत्कार आधी झाला आणि हिमालयाचा अर्ज मी नंतर भरला. सगळं फिसकटलं ते इथेच. पण त्यात माझा दोष अर्धाच. उरलेला अर्धा भाऊसाहेब चौबळांचा.

चौबळ म्हणजे आमचे कर्जतचे शेजारी, निवृत्त सर्कल इन्स्पेक्टर आणि वाचनालयाचे तहहयात अध्यक्ष. मी स्टेशनात पार्सल क्लार्क. एकवीस वर्षं एका खिडकीमागे बसून मी दुसऱ्यांचं सामान देशभर पाठवलं आणि स्वतः माथेरानच्या वर कधी चढलो नाही, माथेरानही गाडीनं. तर अठ्ठ्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी चौबळांच्या ओट्यावर मी सहज बोलून गेलो, की यंदा रेल्वेचा पास पठाणकोटपर्यंत काढावा म्हणतो. मुंबईची एक गिर्यारोहण संस्था कुलूच्या बाजूला बारा दिवस डोंगरांतून चालवत नेते, चौदा हजार फुटांवर खिंड आहे, जमलं तर जावं. 'जमलं तर' हे दोन शब्द चौबळांनी ऐकलेच नाहीत. नेरळला हवा पालटायला आलेले एक निवृत्त न्यायाधीश त्या रविवारी मोकळे होते. प्रमुख पाहुणे तयार, सतरंज्या तयार, फक्त सत्कारमूर्ती हवा होता. रविवारी मला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, न्यायाधीश हिमालयावर पाऊण तास बोलले आणि वाचनालयाच्या दारावर फळा लागला: 'कर्जतचे हिमालयवीर श्री. श्रीधर आठल्ये'.

शाल एक वेळ परत करता आली असती. नारळाचं काय? तो माझ्या बायकोनं, कुमुदनं, सोमवारीच खवून आमटीत घातला होता. खाल्लेला सत्कार परत कसा करणार?

मंगळवारी संस्थेचा अर्ज आला. त्यातलं कलम नऊ मी तीनदा वाचलं. 'उमेदवाराने पंधरा किलो वजन पाठीवर घेऊन एका दिवसात तीन हजार फूट चढाई केल्याचा, राजपत्रित अधिकाऱ्याने समक्ष पाहून दिलेला दाखला जोडावा.' अर्ज महाशिवरात्रीनंतर चार दिवसांत मुंबईला पोचायला हवा होता. दाखला नाही तर हिमालय नाही. आणि हिमालय नाही तर निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी त्या फळ्याखालून ड्यूटीवर जायचं, म्हणजे आणखी सोळा वर्षं.

"हात्तिच्या!" चौबळ म्हणाले. "समक्ष म्हणजे काय खरोखर समक्ष असतं होय? मी हयातभर पंचनामे केले, सगळे समक्ष, या ओट्यावर बसून."

पण चौबळांचा ओटा राजपत्रित नव्हता. तहसीलदार मुलीच्या लग्नासाठी रजेवर, सरकारी दवाखान्याचे डॉक्टर बदलून गेलेले आणि नवे अजून हजर व्हायचे. उरले एकटे पशुवैद्यकीय अधिकारी, डॉक्टर निजामपूरकर. ओझं वाहायला बैल योग्य आहे की नाही, हे ते रोज लिहून देतच असत, तेव्हा माझं लिहून द्यायला त्यांना जड जाऊ नये असं चौबळांचं मत पडलं.

निजामपूरकरांनी पूर्वी कुठेतरी मूळ कागद न बघता एका खऱ्या नकलेवर सही केली होती, आणि पुढे तो मूळ कागद जगात कधी नव्हताच असं निघालं. चौकशी झाली, बढती अडकली. तेव्हापासून हा माणूस सही करायच्या आधी पेनाचं टोपण काढायलाच दहा मिनिटं घेई.

"मूळ कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"कशाचं मूळ?"

"तुमच्या चढाईचं. मूळ पाहिल्याशिवाय मी सही करत नाही."

"डॉक्टर, मूळ म्हणजे डोंगर चढणं आलं."

"मग चढा. मी पाहतो."

"तुम्हालाही चढावं लागेल."

नव्वद किलोचा माणूस तो. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाले, "एक किरकोळ रजा शिल्लक आहे. ती टाकतो." मला वाटलं होतं, इतकं ऐकून तरी ते सही करतील.

तीन हजार फूट म्हणजे आमच्या तालुक्यात खांडसहून भीमाशंकर. वाटा दोन. गणेश घाटाची वाट लांबची, पण गुरंढोरं जातात अशी. दुसरी शिडीची, जवळची. डॉक्टरांची रजा एकच दिवसाची आणि खांडसची परतीची एस.टी. सहाची, म्हणून चौबळांनी शिडीचा निर्णय दिला. "शिडी म्हणजे काय हो? माळ्यावर चढता ना? तसंच." माळ्यावर आमच्या घरात कुमुद चढते, हे मी बोललो नाही.

आदल्या संध्याकाळी पार्सल ऑफिसातल्या काट्यावर माझी पाठपिशवी चढली. तांदूळ, पातेलं, कुमुदनं विणलेला स्वेटर. भरले तेरा किलो. कुमुद म्हणाली, "थांबा," आणि घरी जाऊन आणखी काहीबाही घेऊन आली. काटा बरोबर पंधरावर थांबला. निजामपूरकर जातीनं हजर. वाटेत मी वजन काढून टाकू नये म्हणून त्यांनी पिशवीच्या तोंडाला सुतळी बांधली, तिच्यावर लाख ओतली आणि लाखेवर दवाखान्याचा शिक्का मारला. सील आता माथ्यावरच, त्यांच्याच हातानं फुटणार.

सकाळी एस.टी.नं कडाव सोडलं तेव्हा मी कुमुदचं कालचं 'काहीबाही' आठवून पाहिलं. पोळ्या, बटाट्याची भाजी, बेसनाचे लाडू आणि पाण्याची बाटली. आमचं दोघांचं सगळं खाणंपिणं लाखेच्या आत होतं.

"डॉक्टर, सील एकदाच फोडून..."

"आठल्ये, फोडलं की वजन संपलं."

खांडसला उतरलो तेव्हाच माझ्या घशाला कोरड पडली होती. वाट विचारायची म्हणून आम्ही थांबलो, तर पुढ्यातून एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन निघाली होती. चाळिशीची, काटक, पायांत काही नाही. तिचं नाव सोनुबाई, राहायची शिडीच्या वर पदरवाडीला. शिवरात्रीला भीमाशंकरची जत्रा, उपासाला रताळी खपतात, म्हणून ती कशेळ्याहून रताळी घेऊन चालली होती. एकवीस वर्षांच्या नजरेनं मी गाठोडं तोललं. बावीस किलो.

"वर येतो रं?" तिनं डॉक्टरांना विचारलं. वर्ग दोनच्या अधिकाऱ्याला कुणी 'रं' म्हणायची ती पहिलीच वेळ असावी. त्यांनी टाय सारखा केला. हो, त्यांनी टाय घातला होता. सरकारी दाखला द्यायचा म्हणून. आणि काळे ऑफिसचे बूट.

पहिले दोन तास मी पट्टे खांद्यांत रुतवून घेत, धापा टाकत, पण चढलो. डॉक्टर मागून वहीत वेळ लिहीत होते. सोनुबाई आम्हाला एका झऱ्यापाशी घेऊन गेली. तिथलं पाणी प्यायलो तेव्हा मी मनात म्हटलं, बघा चौबळ, जमतंय. कर्जतच्या फळ्यावरचं नाव खरं होणार, असं मला त्या वेळी अगदी आतून वाटलं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणीही आलं.

मग शिड्या आल्या. कड्यातल्या घळीत उभ्या, दांडक्यांच्या पायऱ्या, एकीच्या वर एक. पहिली झाली. दुसरी झाली. तिसरी मोठी, आणि तिच्या खाली दरीच. शिडी संपते तिथे उजवीकडे खडकाची हातभर रुंदीची पट्टी, तिच्यावर पाय टाकायचा आणि कड्याला छाती लावून सरकायचं. आधी सोनुबाई गेली, एका हातानं गाठोडं धरून. तिच्यामागे मी. कसा गेलो ते मला आजही आठवत नाही. एवढंच आठवतं की पिशवी मला मागे ओढत होती आणि मी कड्यातल्या एका मुळीला 'आई गं' म्हणून धरलं होतं.

मी पट्टीवर पोचलो आणि खालून डॉक्टरांचा आवाज आला.

"आठल्ये. मी जरा थांबतो."

शिडीच्या मधोमध ते थिजले होते. दोन्ही हातांनी दांडा कवटाळलेला, डोळे गच्च मिटलेले. पाय थरथरत होता आणि त्या थरथरीनं सगळी शिडी कड्यावर खटखट वाजत होती. बघता बघता एक बूट टाचेतून सुटला. आम्ही तो पडताना ऐकला. एकदा आपटला, दोनदा आपटला, आणि मग बराच वेळ काहीच नाही. मग फार खाली एकदा.

"तो माझाच होता का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आठल्ये, किरकोळ रजेत माणूस पडला तर ते सरकारी कामावर धरतात का?"

मला हसू आलं नाही. त्यांच्या हाताची बोटं पांढरी पडली होती. जास्तीत जास्त पाच मिनिटं, मला कळत होतं.

सोनुबाई जाऊ शकत नव्हती. पट्टीवर ती माझ्या पलीकडे, आणि मला ओलांडून यायला जागाच नव्हती. "तुलाच जावं लागंल रं," ती म्हणाली. "वझं दे हिकडं." पंधरा किलो पाठीवर घेऊन मी खाली वाकलो तर पिशवी डोक्यावरून पुढे येणार आणि मला घेऊन जाणार. ती उतरवायलाच हवी होती. मी एका खांद्याचा पट्टा सोडवला, तसा खालून आवाज आला. डोळे मिटलेलेच, पण आवाज दवाखान्यातला.

"आठल्ये! ओझं उतरवलंत तर मला तसं लिहावं लागेल!"

तुम्हाला सांगतो, मी थांबलो. किती वेळ ते सांगायची मला लाज वाटते. फळा दिसला, शाल दिसली, सोळा वर्षं दिसली. अर्धा मिनिट असेल. अर्धा मिनिट मी एका माणसाचा जीव आणि एक कागद काट्यावर टाकून बघत होतो. मग शिडी पुन्हा खटखटली आणि मी दुसरा पट्टा सोडला. पिशवी सोनुबाईनं ओढून घेतली.

"लिहा काय लिहायचं ते!" मी ओरडलो आणि उलटा शिडीवर उतरलो.

त्यांच्या डोक्याशी पोचलो, पण त्यांचा हात दांड्यावरून सुटेना. समजूत घातली, दरडावलं, बायकोचं नाव विचारलं. काही नाही. मग तोंडातून जे रोज निघतं तेच निघालं. गाडीतून माल उतरवताना आम्ही मोठ्यानं मोजतो. मोजणी सुरू झाली की हमाल थांबत नाही, क्लार्कही थांबत नाही.

"डावा हात उचला, वरच्या दांड्यावर. एक नग!"

हात उचलला गेला. खरंच उचलला गेला.

"उजवा पाय. एक नग आत. आता दोन. बोला, दोन!"

"दोन," निजामपूरकर पुटपुटले.

तीन नग. चार नग. पाचव्याला दांडा करकरला आणि आम्ही दोघंही तिथेच गोठलो. वरून सोनुबाई ओरडली, "मोज रं, मोज! थांबू नको!" सहा. सात. अकराव्या नगाला मी पट्टीवर सरकलो, तिनं माझ्या खांद्यावरून हात घालून त्यांची कॉलर धरली आणि नव्वद किलोचा राजपत्रित अधिकारी टायसकट पट्टीवर घेतला.

पदरवाडीच्या सपाटीवर पोचल्यावर आम्ही दोघं गवतावर पडून राहिलो. सोनुबाईनं डोक्यावरची कापडाची चुंबळ सोडली आणि डॉक्टरांच्या अनवाणी पायाला बांधली. मी उठून पिशवी उचलायला गेलो, तर गुडघ्यांनी साफ नकार दिला. तिनं रताळ्यांवर माझी पिशवी ठेवली, सदतीस किलो उघड्या डोक्यावर घेतले आणि पुढे निघाली. आम्ही रिकाम्या हातांनी तिच्यामागे.

भीमाशंकरला दीड वाजता डॉक्टरांनी विधिपूर्वक सील फोडलं. बेसनाचे लाडू लाखेचा वास मारत होते, तरी तिघांनी सगळे संपवले. मग त्यांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आठल्ये, तुम्ही माझा जीव वाचवलात."

"राहू दे हो," मी म्हणालो. मनात म्हटलं, आता लिहितात.

"म्हणूनच तुमच्यासाठी खोटं लिहिणं मला जास्त कठीण आहे."

शिक्क्याचा कागद त्यांच्याकडे एकच होता, दवाखान्याचा छापील. त्यावर 'जनावराचा रंग' आणि 'शिंगांची ठेवण' खोडून त्यांनी लिहिलं: 'सोनुबाई, राहणार पदरवाडी, यांनी स्वतःचे अंदाजे बावीस किलो व श्री. आठल्ये यांचे पंधरा किलो असे ओझे माझ्या समक्ष माथ्यापर्यंत वाहिले. श्री. आठल्ये हे निम्म्या चढापर्यंत वजनासह व पुढे वजनाविना चढले. ते घाबरले होते. तरी खाली उतरले.' त्याखाली सही, शिक्का, तारीख.

"कशाचा कागद हाय?" सोनुबाईनं विचारलं. मी समजावलं. हिमालय नावाचा फार मोठा डोंगर आहे, लोक तिथे बारा दिवस ओझं घेऊन चढतात.

"वर बाजार हाय?"

"नाही."

"मंग कुनाच्या घरी पोचवायचं असतं?"

"नाही. वर न्यायचं आणि तेच परत आणायचं."

"काय गुन्हा केलाव रं तुमी?" तिनं अगदी काळजीनं विचारलं.

दुपारी गणेश घाटानं उतरून सहाची एस.टी. कशीबशी गाठली. घरी चौबळ वाट बघत बसलेच होते. कागद वाचून त्यांनी चष्मा पुसला. "सोपं आहे. वरचा भाग कापा, 'घाबरले' खोडा, आणि 'निम्म्या' या शब्दावर शाई सांडा. अर्जावर शाई सांडतेच." कात्री त्यांनी आणलीच होती. मी कात्रीकडे पाहिलं, कुमुदकडे पाहिलं. ती स्वेटरमधल्या लाखेच्या कपच्या वेचत होती. "ते 'तरी खाली उतरले' मला परत वाचून दाखवा," ती म्हणाली. मी वाचलं. "आहे तसाच पाठवा," ती म्हणाली.

पाठवला. पंधरा दिवसांत उत्तर आलं. माझा अर्ज कलम नऊप्रमाणे नामंजूर. 'तथापि सोनुबाई यांचा स्वतंत्र अर्ज आल्यास संस्था त्याचा आनंदाने विचार करील.' दुसऱ्या दिवशी वाचनालयाचा फळा उतरला. चौबळ म्हणाले, पांढरा रंग द्यायला नेलाय. स्टेशनवर हमाल मला 'या हिमालयवीर' म्हणायचे, ते म्हणायचे थांबले, आणि ते जास्त लागलं.

पण पत्र सोनुबाईचं होतं, ते पोचवायला हवं होतं. पदरवाडीला पोस्टमन कधी जाईल याचा भरवसा नव्हता. एका रजेच्या दिवशी मी निघालो. निजामपूरकरांनी धुऊन इस्त्री केलेली चुंबळ दिली. कुमुदनं तांदूळ, लोणच्याची बरणी आणि ती सत्काराची शाल दिली. काट्यावर साडेचौदा भरलं. योगायोग होता असं म्हणणार नाही. मी आणखी एक किलो गूळ घातला.

तिसऱ्या शिडीवर बरोबर कुणी नव्हतं. पाहणारा अधिकारी नव्हता, वही नव्हती, हात पकडायला सोनुबाई नव्हती. खाली बघायचं नाही असं ठरवलं आणि लगेच बघितलं. पिशवी मागे ओढत होती. "एक नग," मी म्हणालो. आवाज माझाच मला परका वाटला. "दोन नग." पट्टीवरची ती मुळी हाताला लागली तेव्हा मी मोजत मोजत रडत होतो. कुणी नव्हतं, म्हणून सांगतोय.

सोनुबाई अंगणात होती. तिनं आधी माझ्या पाठीकडे पाहिलं.

"आज वझं तुझ्याच पाठीवर!"

तिनं पिशवी हातात घेऊन तोलली. "पंधरा आन् वर जरा," म्हणाली. मग पत्र ऐकून मनापासून हसली. "बाजार नाय तं मी नाय येत. पन तुझा कागद कुठं हाय? त्या दिशीचा?" मी सांगितलं, तो माझ्या कामाचा नव्हता. "मंग आजचा लिव," ती म्हणाली. "मी बगितलं की रं. मी अंगठा देते."

मी पत्राच्या पाठीवर लिहिलं, 'श्रीधर आठल्ये साडेपंधरा किलो घेऊन शिडीनं पदरवाडीस आले. मी पाहिलं.' शाईची दौत नव्हती. तिनं चुलीचं काजळ तेलात कालवलं आणि अंगठा नीट दाबून उठवला. निघताना तिनं घरातून एक काळा बूट आणून माझ्या हातात दिला. लाकडं आणायला गेली तेव्हा दरीत सापडला होता.

संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो आणि बूट निजामपूरकरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी खाली वाकून चप्पल काढली, बूट घातला, नाडी बांधली. कागद ओढून अंगठा पाहिला.

"अंगठ्याला साक्षीदाराची सही लागते," ते म्हणाले.

"डॉक्टर, तुम्ही समक्ष नव्हता."

"तिनं पाहिलं ना?"

"पाहिलं."

त्यांनी टोपण काढलं. दहा मिनिटं लागली नाहीत. अंगठ्याखाली लिहिलं, 'मूळ पाहिले,' आणि सही केली.